सुपातलं भात

आईबाप वेगळे झाले तेव्हा पंचांनी निवाडा केला. पोर आईकडे राहील. बापाने तिच्या पोटापुरतं भात दर सुगीला द्यायचं. ते पोरीने स्वतः खळ्यावर येऊन घ्यायचं; आईने तिथे पाय ठेवायचा नाही. आणि भात पुरलं नाही, तर पोर बापाकडे. हे शेवटचं बापूसनेच घालून घेतलं होतं. त्याच्या नव्या बायकोचं मूल सांभाळायला कुणीतरी हवं होतं.

आई आणि मी कुंभारवाड्याजवळ मामाकडे राहत होतो. एका पाद्र्याच्या कृपेने मी बेळगावला इंग्रजी शाळेत शिकत होते, सुगीला घरी यायची. शाळेत मला मुकी म्हणत. खळ्यावर तर सगळेच मुके. माप चालू असताना बोललं की राशीची बरकत जाते, असं आमच्याकडे मानतात. बापूसने त्याचाच फायदा घेतला. माझ्या पोत्यात तो पोल भात घालायचा, आत दाणाच नसलेलं. माप चालू असताना बोलायचं नाही, आणि पोतं खळ्याबाहेर गेलं की कुणी ऐकून घ्यायचं नाही. मग पावसाळ्यात आई कणगं, रताळ्यासारखे कंद, उकडून दिवस काढायची आणि मामी म्हणायची, "बापाकडं धाडा की तिला. तिथं भात हाय."

त्या वर्षी मला बघताच बापूस म्हणाला, "आली बघा मडम! इंग्रजीत माग बघू भात."

सगळे हसले. निवाडा करणाऱ्या पंचांचा म्होरक्या, गावकरसुद्धा. मग माप सुरू झालं आणि सगळे गप्प झाले.

पहिलं माप पोत्यात पडलं ते वाळक्या पानांसारखं खसखसत. कडेला सूप पडलं होतं. ते उचललं, पोत्यातलं भात त्यात घेतलं आणि वाऱ्याकडे पाठ करून पाखडू लागले. तोंडातून शब्द काढला नाही. फोलपटं बापूसच्या धुतल्या धोतरावर आणि गावकराच्या पागोट्यावर जाऊन बसली. सुपात मूठभर दाणे उरले. सूप मी गावकरापुढे धरलं.

त्याने भरल्या दाण्याच्या मोठ्या राशीकडे बोट केलं. बापूसने तोंड उघडलं, स्वतःच्या राशीकडे बघितलं आणि मिटलं. मोठ्या राशीतून मुकाट्याने मापत गेला.

पोतं बांधून झाल्यावर मात्र ओरडला, "आईनं शिकवून धाडलंय हे!"

"न्हाई," मी म्हणाले.

गावकर म्हणाला, "बापसाच्या पाया पड गे. एवढं चांगलं भात दिलंय. मोठ्या मनाचा हाय."

मोठ्या मनाचा! इतकी वर्षं फोलपटं देणारा!

मी वाकले. बापूसने आशीर्वादाला हात उचलला. मी पोत्याचं टोक धरलं आणि खळ्याबाहेर उभ्या असलेल्या मामाला हाक मारली.

वाटभर मामा म्हणत होता, "पाया पडली असतीस तर काय झिजली असतीस व्हय?"

भात पावसाळाभर पुरलं. मी आईकडेच राहिले. पुढच्या सुगीला खळ्यावर जाताना घरचं सूप घेऊन गेले.