चार स्पीडची सून

माझ्या सुनेच्या आईला ऐकू येत नसे. त्यामुळे ही पोर बोलायच्या आधी हातांनी बोलायला शिकली, आणि पुढे तेच तिचं काम झालं. दवाखान्यात ऐकू न येणारा पेशंट आला की हिला कॉम्प्युटरवर बोलावतात. डॉक्टर बोलतील ते ही घरबसल्या खुणांनी सांगते. मी चौथी नापास. पण तिचे हात बघून वाटायचं, एवढं सरळ आमच्या घरात कुणी तोंडानेही बोलत नाही.

घरात कॉम्प्युटर तीन. मुलाचा नवा, नातीचा त्याहून नवा, आणि मुलाने टाकलेला जुना तो सुनेचा. वायफाय एकच, पण त्या दोघांकडे धो धो आणि हिच्याकडे थेंब थेंब. हिचं चित्र तिकडे मध्येच थिजायचं. दोन तक्रारी झाल्या होत्या. तिसरीला काम बंद.

"जागेचा दोष आहे," मुलगा म्हणाला. मग हिचं टेबल खोलीतून हॉलमध्ये, हॉलमधून दाराशी, चपलांना खेटून, वायफायच्या डब्याखाली. मी म्हटलं, "आता डब्यातच बसव तिला." सगळे हसले. तीही.

शेवटी वायफायवाला आला. तिन्ही एकाच टेबलावर ठेवून त्याने स्पीड मोजला. मुलाचा नव्वद, नातीचा पंच्याऐंशी, हिचा चार. "डबा ठणठणीत आहे, आजी. हा लॅपटॉपच म्हातारा झालाय."

"अहो, तुमचा द्याल का? कामापुरता," सुनेने नवऱ्याला विचारलं.

"अगं, माझ्या मीटिंगा असतात. पुढच्या महिन्यात बघू."

नातीने कानातला हेडफोन काढलाच नाही. आणि मी मटार सोलता सोलता सुनेलाच म्हणाले, "घे की जरा सांभाळून."

मंगळवारी पडद्यावर एक बाई आली, माझ्याच वयाची. डॉक्टर म्हणाले, "यांना सांगा, पाय गुडघ्याखालून काढावा लागेल." सुनेने हात उचलले आणि तिचं चित्र तिकडे अडकलं. आम्हाला ती बाई दिसत होती. हाताने विचारत होती, काय? काय म्हणतात? सून खुणा करत राहिली, ओरडत राहिली, तिकडे काही पोचेना. डॉक्टरांनी घड्याळ बघितलं, संमतीचा कागद पुढे सरकवला. बाईने सुनेच्या थिजलेल्या तोंडाकडे बघून मान डोलावली आणि अंगठा दिला.

सून मुलाच्या खोलीकडे धावली. आतून कडी. तिने दार बडवलं, त्याने उघडलं, लॅपटॉप दिलाही. तोवर तिकडून बंद झालं होतं.

संध्याकाळी काम गेल्याचा फोन आला. दुसऱ्या दिवशी मुलाने आपला लॅपटॉप तिच्यापुढे ठेवला. तिने तो उघडलाही नाही. दवाखान्यात फोन लावला. ते म्हणाले, पेशंटची माहिती देता येत नाही.

"आई, ऑपरेशनच्या आधी कुणी सांगितलं असेल ना हो त्यांना?"

"असेल, असेल," मी म्हटलं.

मला वाटतं, पांघरूण काढल्यावरच कळलं असणार.