सोजरमावशीची खुंटी

दिवाळी झाली की दर सोमवारी सकाळी सोजरमावशी धरणावर खुंटी ठोकायला जायच्या. पाण्याची कड जिथं असेल तिथं बाभळीची खुंटी दगडानं ठोकायची, कमरेवर हात ठेवून पाण्याकडं बघायचं आणि म्हणायचं, "सरक बाबा, सरक. मला काकड्या लावायच्यात." एवढ्या मोठ्या धरणाला बाजूला हो म्हणणारं दुसरं माणूस मी तरी पाहिलेलं नाही.

आमच्याकडं याला गाळपेर म्हणतात. पाणी ओसरेल तसा धरणाचा तळ उघडा पडतो, त्या काळ्या गाळात लोक काकडी, टरबूज लावतात आणि पाण्यामागं शेत पुढं नेत राहतात. पट्टीच्या भाड्याचा कागद सरकारी असला तरी रोजची हद्द खुंटीची. दुसऱ्याची खुंटी उपटणं म्हणजे त्याच्या घराचं कुलूप तोडणं. आणि मी गावात पाय ठेवल्यावर पहिल्या अर्ध्या तासात नेमकं तेच केलं.

मी कळंबची. पोस्टात डाक सेवकाचा अर्ज भरताना गावांची यादी येते आणि आपण पसंती द्यायची असते. ज्या गावाचं पोस्ट मिळेल तिथंच राहायचं, पोस्टासाठी खोलीही आपणच बघायची. पप्पा म्हणाले, बेंबळीकडचं गाव घे, धाराशिव जवळ पडतं, मामा आहे. पण मी मोबाईलवर माकणीच्या धरणाचा फोटो बघून बसले होते. निळंशार पाणी, वर बगळ्यांची रांग. कळंबच्या मोंढ्यातल्या धुराळ्यात तेवीस वर्षं काढलेली मी, माझं डोकंच फिरलं. पप्पांशी तीन दिवस अबोला धरला आणि धरणाकाठचं हे गाव पहिल्या पसंतीला टाकलं.

ऑर्डर आली मे महिन्यात. एसटीनं माकणी, तिथून टमटमनं गाव. उतरून बघते तर पाणी कुठंच नाही! भेगाळलेली जमीन, आणि लांब कुठंतरी काचेचा तुकडा पडल्यासारखं काहीतरी चमकतंय. मी रागारागानं त्या चमकीकडं चालत सुटले. पुढं गाळात चपला रुतल्या. तिथं एक लाकूड रोवलेलं दिसलं, ते उपटलं, चपलेचा चिखल खरवडला आणि तिथंच बसून भोकाड पसरलं.

"ए, कुणाची खुंटी हाय ती? कुणी उपटली?" पलीकडून एक म्हातारे गृहस्थ ओरडत आले. ते शेजारच्या पट्टीचे भागवतकाका.

वेलांमधून एक बाई उठून उभी राहिली. काटकुळी, काळी, डोक्यावरचा पदर घट्ट खोचलेला. "माझी हाय. म्याच काढाय लावली. तू तुझी टरबुजं बघ!" काका परत फिरले. मग ती माझ्याकडं वळली. "पोरी, ती खुंटी हाय, काडी न्हाय. आन् रडायलीस कशापायी?"

"धरण कुठंय हो?"

बाई हसत हसत खालीच बसली. "अगं, धरणाच्या पोटात बसलीस आन् धरण कुठंय इचारतीस व्हय!"

मी तिला फोटो दाखवला. तिनं तो लांब धरून बघितला. "फोटू बघून नवरा करत्यात, गाव न्हाय. पर बरं झालं, उन्हाळ्यात आलीस. भरल्यावर काय, समद्यांनाच आवडतंय." मग एक काकडी तोडून पदराला पुसली, पदराच्या गाठीतलं मीठ लावलं आणि माझ्या हातात दिली. तशी काकडी मी पुन्हा खाल्ली नाही, आणि त्यानंतर त्याच वेलांच्या शेकडो खाल्ल्या आहेत.

त्याच सोजरमावशी. पोस्टासाठी खोली त्यांनीच दिली, रस्त्याकडची. राहायला आतली. अट एकच. "एक उन्हाळा, एक पावसाळा, एक हिवाळा बघ. तवर जाते म्हणायचं न्हाय." मी हो म्हटलं आणि पहिल्याच आठवड्यात राजीनामा लिहून खणात, शिक्क्याच्या पॅडखाली ठेवला. तारीख तेवढी घातली नव्हती. मावशींना अक्षरओळख नव्हती, पण डोळे कसले! एक दिवस म्हणाल्या, "त्यो कागद दुसऱ्या कुणाचा न्हाय. दुसऱ्याचा असता तर रोज काढून वाचत बसली नसतीस." मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

माणूस जोखायची त्यांची पद्धतही न्यारीच. नवीन कुणी आलं की चहाआधी प्रश्न, "तुमच्या गावात मे महिन्यात पाणी कुठं असतंय?" पोस्टाची तपासणी करायला आलेल्या साहेबांनाही सोडलं नाही. साहेब डोकं खाजवत बसले, आणि माझी तपासणी तेवढ्यात उरकली.

माझ्यावर मात्र त्यांना भारी अभिमान. येईल त्याला सांगायच्या, "आमची पोष्टमास्तरीण निवडून आलीया! हिला सरकारनं इचारलं, कुठं जातीस? हिनं आपलं गाव सांगितलं." शंभरदा ऐकून एकदा माझं टाळकं सरकलं. "मावशी, चुकून सांगितलं हो! फोटो बघून!"

त्या शेंगा फोडत होत्या. हात थांबला. "चुकून का हुईना, तुला इचारलं तरी. लगीन ठरवलं, म्या हितं आले. धरण झालं, गाव वर न्या म्हणले, वर आले. साठी उलटली पोरी. तुला कुठं ऱ्हायचंय, असं मला एकदाबी कुणी इचारलं न्हाय."

खणातला कागद त्या दिवशी काढला नाही, एवढंच.

पावसाळा सरताना धरण भरलं. फोटोतल्यासारखं निळंशार, बगळ्यांसकट. मावशींची पट्टी, वाफे, खुंट्या, सगळं पाण्याखाली. मी हळहळत होते. त्या म्हणाल्या, "त्याचीच जागा हाय ती. म्या मधी येऊन बसले व्हते."

चौथ्या वर्षी त्या गाळात घसरून पडल्या, पाय मोडला. पुण्याहून मुलगा आला, दत्तादादा. माणूस चांगला, आईवर जीव. आल्या आल्या त्यानं पिशव्या भरायला घेतल्या. "आईला घेऊन चाललोय." मावशी बाजेवर बसून होत्या, मान खाली. असं गप्प मी त्यांना कधी बघितलं नव्हतं. मला राहवलं नाही.

"दादा, मावशींना विचारलंत का?"

"त्यात काय विचारायचं?"

"विचारा तरी एकदा."

तो बिचारा ओशाळला. आईपुढं उकिडवा बसला. "आई, कुठं राहायचंय तुला? माझ्याकडं, का इथं?"

मावशींनी मान वर केली. पदर नीट केला. मग अगदी साहेबासारख्या म्हणाल्या, "मला इचार करू दे." आम्ही दोघं हसलो, त्या हसल्या नाहीत. चहा सावकाश प्याल्या, बशी खाली ठेवली आणि निकाल दिला. "मे महिन्यात न्हे मला. उन्हाळ्यात बघते तुझं पुणं. मग सांगते."

पाय बरा झाल्यावर, मे लागताच त्या गेल्या. मी निर्धास्त होते. पुण्यात चार दिवस तरी टिकतील का ही बाई! मी त्यांची बाज झटकून ठेवायची, वेलांना पाणी घालायची, सोमवारी त्यांच्या वतीनं खुंटी ठोकायची. जूनमध्ये फोन आला.

"पोरी, हितंबी पाणी आटतंय गं! टँकर येतोय, बाया बादल्या घिऊन भांडायल्यात. लई बरं वाटलं बघ."

"मग कधी येताय?"

"न्हाय येत. म्या हितं ऱ्हायचं ठरवलंय." ठरवलंय हा शब्द त्यांनी असा उच्चारला की जणू नवं लुगडं दाखवतायत. "खाली बाकावर चार जणी बसत्यात. नातू शाळेतनं आला की पयली हाक मला मारतोय. बघून सवरून ठरवलंय."

"आणि मी?" मी जवळजवळ ओरडलेच.

"तुला म्या आणलं व्हतं व्हय? तू तुझी आलीस." मग मऊ आवाजात, "जेवत जा येळेवर."

फोन ठेवून मी पोस्टाचं दार लोटून घेतलं आणि पोटभर रडले. राग आला होता. आणि खरं सांगायचं तर आनंदही झाला होता, पण तो मी दिवाळीपर्यंत कबूल केला नाही.

दिवाळी झाली, पाणी मागं सरकायला लागलं. सोजरबाई गेल्या, आता ती पट्टी मोकळी, असं गावात सगळे धरून चालले होते. सोमवारी सकाळी मी खणातला कागद काढला, फाडून टाकला आणि बाभळीची एक नवी खुंटी घेऊन धरणावर गेले. पाण्याची कड बघितली. दगड उचलला.

"ए, कुणाची खुंटी हाय ती?" भागवतकाका पलीकडून ओरडले.

"माझी!"

त्यांनी कपाळावर हात धरून माझ्याकडं बघितलं.

"मग खोल ठोक की, बाई. वरवर मारून ऱ्हातीया व्हय?"