मी भरलेली ओटी

धुळ्यातल्या एका दवाखान्यात, मूल होत नाही म्हणून येणाऱ्या बायकांच्या विभागात, मी अकरा वर्षं मुख्य नर्स होते. बायका मला अक्का म्हणत आणि डॉक्टरबाईंपेक्षा मलाच जास्त घाबरत. माझा स्वभावच तसा. खोटी आशा दाखवणाऱ्यांचा मला भयंकर राग यायचा आणि तो मी बोलून दाखवायचे.

पिंपळनेरकडची एक शेतकरी बाई आली तेव्हा तिला चव्वेचाळिसावं लागलं होतं. लग्नाला वीस वर्षं झालेली. डॉक्टरबाईंनी रिपोर्ट पाहून काही आडपडदा न ठेवता सांगितलं, की तुमच्या स्वतःच्या बीजांनी मूल होणं आता जवळजवळ अशक्य आहे. दुसऱ्या बाईचं बीज घ्यायला ती तयार नव्हती. नवरा भला माणूस, राहू दे म्हणत होता. पण तिने डॉक्टरबाईंचे पायच धरले. माझ्याच बीजांनी एकदाच टेस्ट ट्यूब करा, नाही झालं तर पुन्हा नाव काढणार नाही, मन तरी मोकळं होईल, असं म्हणाली. शेवटी डॉक्टरबाई हो म्हणाल्या.

मी त्यांच्याशी भांडले. होणार नाही हे ठाऊक असताना त्या बाईला रोज सुया टोचायच्या कशाला?

"मी नाही म्हटलं तर ती दुसरीकडे जाईल," त्या शांतपणे म्हणाल्या. "तिथे तिला 'होईल' म्हणणारा भेटेल. मी निदान खरं सांगून करतेय."

मला ते पटलं नाही. दिवसभर मी ट्रे आपटत फिरले.

एकच गर्भ तयार झाला, तोही कमजोर. तो पोटात सोडायच्या दिवशी मी नेहमीप्रमाणे माझं कपाट उघडलं. त्या दिवशी प्रत्येक बाईची ओटी भरायची, ही पद्धत मीच पाडली होती. गहू, नारळ, ब्लाउजपीस, हळदीकुंकू. भेदरलेल्या बायका तेवढ्याने जरा सावरायच्या. डॉक्टरबाई हसायच्या आणि चालू द्यायच्या. हिने पदर पसरला, पण त्याचं एक टोक सुटलं आणि गहू खाली सांडले. नीट धर गं, म्हणून मी दटावलंही. मनातून मात्र बरं वाटत होतं, कुणाला तरी मान दिल्यासारखं.

चौदा दिवसांनी रक्त तपासलं. काही राहिलं नव्हतं. डॉक्टरबाईंनी सांगितलं तेव्हा ती रडली नाही. नवरा रिक्षा बघायला बाहेर गेला आणि ती सरळ माझ्या टेबलाशी येऊन बसली. अजून एक डाव करू, म्हणाली. एकदाच असं कबूल केलं होतंस ना, मी विचारलं. तिने माझा हात धरला.

"अक्का, डॉक्टरबाईनी तं पहिलेच सांगेल व्हतं, व्हवाव नही म्हनीसन. मी मानी लिधं व्हतं. पन तुम्हीन मन्ही ओटी भरी. वीस वरीसमा कोनी भरी नही. मी म्हनं, अक्काले काहीतरी म्हाईत शे."

गल्लीतल्या हळदीकुंकवात तिला कुंकू मिळायचं, पण ओटी तिला ओलांडून पुढच्या बाईकडे जायची, हे तिने मग सांगितलं. धरणीने पोटात घेतलं तर बरं असं मला झालं. डॉक्टरबाईंनी एवढं जपून सांगितलेलं खरं मी मूठभर गव्हाने पुसून टाकलं होतं. आणि त्यांच्याशी भांडायला मीच गेले होते.

आता ती पुन्हा सुया घ्यायला निघाली होती, माझ्या भरवशावर. तिला थांबवायचं तर एकच गोष्ट सांगायची होती आणि ती माझ्या जिभेवर येईना. वीस वर्षांत तिला मिळालेली ती एकुलती एक ओटी होती.

"बाई गं, मला काही माहीत नव्हतं," मी म्हणाले. "इथे येणाऱ्या प्रत्येकीचीच ओटी मी भरते."

तिने हात सोडला.

"बठ्ठासनी?" तिने विचारलं.

हो, सगळ्यांचीच, मी म्हणाले.