पुरवणीची गाठ आणि खिडकी नंबर चार

खानावळ चालवणाऱ्या बाईकडं दोन गोष्टी कवा संपत न्हाईत. एक खरकटी ताटं, दुसरं किस्सं. ताटं तरी घासून उपडी घालता येत्यात. किस्सं मातूर पोटातच ऱ्हात्यात आणि चार माणसं जमली की ढेकरागत वर येत्यात!

राजारामपुरीत एका बोळात माझी खानावळ हाय. गल्ली नंबर सांगत न्हाय, उगं गर्दी हुती. तीस वरसं झाली. मी शिकले चौथी, तीबी मास्तर कंटाळला म्हणून पास. पर माझ्या भाकरीवर डाक्टर झाल्यात, इंजिनेर झाल्यात, दोघं तर फौजदार झाल्यात. एक वकील झालाय. तो कसा झाला, तिथनंच सुरू करते.

*

त्येचं नाव विलास. पोरगं गुणाचं, अभ्यासाचं, पर एक खोड! डबे भरून कट्ट्यावर ठेवलं की ह्यो हळूच यायचा आणि दुसऱ्याच्या डब्यातलं मटणाचं तुकडं उचलायचा. ज्येचा डबा त्यो दुसऱ्या दिवशी भांडायला हजर. "आक्का, रस्सा हाय, तुकडं कुठं गेलं? पवत गेलं व्हय?"

माझी आज्जी म्हशीचं दावं बांधायची, त्यातली एक गाठ मला येत हुती. त्यात मी आणि एक पीळ घातला. कुठलं टोक वढायचं ते म्हाईत असंल तर एका झटक्यात सुटती. न्हाय तर जितकं वढाल तितकी आवळती! दुसऱ्या दिवशी सगळ्या डब्यांच्या फडक्याला तीच गाठ.

विलास अर्धा तास जिन्याखाली बसलेला. बोटं झाली, नखं झाली, शेवटाला दात लावलं. मग डबा घिऊन माझ्यापुढं हुभा.

"आक्का, ह्यो अन्याय हाय!"

"मग कोर्टात जा!"

गेला की वो खरंच. सनद घिऊनच परत आला!

*

आता ज्या पोरीपायी हे सगळं रामायण झालं, ती प्रज्ञा. पेठ वडगावची. बा तिचा वडापची जीप चालवतोय, शिटा भरून वडगाव-कोल्हापूर. ही वकिलीला आली आणि जेवायला माझ्याकडं लागली.

पयल्याच दिवशी ताट पुढ्यात घिऊन इचारती, "आक्का, रातच्याला ताक मिळणार न्हाय, असा नियम कुठं लिवलाय?"

मला बया असली माणसं लई आवडत्यात. दुसऱ्या दिवशी एका पोरीकडनं खडूनं पाटी लिवून घेतली. 'नियम एक: वकिलीणबाईंनी ताकाबद्दल इचारू नये. नियम दोन: इचारलं तर ताक मिळंल.'

प्रज्ञानं पाटी दोनदा वाचली. मग म्हणती, "हे दोन नियम एकमेकांच्या इरुद्ध हायत. संशयाचा फायदा मला." आणि दोन गिलास वतून घेतलं!

तवाच मी वळखलं. ही पोरगी एक तर जज हुणार, न्हाय तर लई खमकी सासू!

*

पयल्या वर्षाला तिला कावीळ झालती. सगळं पेपर निघालं, एक ऱ्हायला. करार कायद्याचा. आणि त्यांच्यात नियम असा की पयल्या वर्षाचं एक जरी ताट उष्टं ऱ्हायलं तर तिसऱ्या वर्षाच्या पंगतीला बसू देत न्हाईत. दुसरं वर्ष पार पडलं, आता करार सोडवायचा हाच शेवटचा चान्स. न्हाय तर अख्खं साल घरी.

त्यात आमच्यातल्याच एका पोरीची पुरवणी मागल्या साली कुठं तरी सुटून पडलेली. पुरवणी म्हंजी मूळ पेपर भरला की जादाची पानं देत्यात ती, दोऱ्यानं बांधायची. तिची गेली आणि मार्कबी गेलं. प्रज्ञानं त्येची धास्ती घेतली. "आक्का, माझी सुटली तर?"

"सुटती कशी? ये हिकडं."

मग काय, आठ पोरी ओळीनं बसवल्या, प्रत्येकीच्या हातात बुटाची नाडी दिली आणि माझी गाठ शिकवली. तासाभरात सगळ्यांना बांधता आली. एकीनं इचारलं, "आणि आक्का, सोडायची कशी?"

म्हटलं, "ते न्हाय सांगायची. सगळं शिकवलं तर म्हातारीला कोण इचारतंय?"

लई हसलो त्या दिवशी. हसून घेतलं ते बरं झालं.

*

निकाल लागला. करार कायदा, शंभरात एकतीस. पासाला चाळीस!

प्रज्ञा ताटावर आली, बसली, उठून गेली. ताकाचं नाव न्हाय. मी मुद्दाम पाटी बदलली, 'आज ताक दोन्ही येळंला.' बघितलंबी न्हाय तिनं.

तिसऱ्या दिवशी तिनं पेपराची झेरॉक्स मागवली. आता पेपर म्हणं कॉम्प्युटरवर तपासत्यात. पयलं पानाचं फोटू काढत्यात आणि मास्तर ते फोटू बघून मार्क देतोय. झेरॉक्स आली त्या फोटूंचीच. प्रज्ञानं पानं मोजली आणि वरडली, "आक्का, माझ्या दोन पुरवण्या न्हाईत ह्यात! शेवटचं दोन मोठं प्रश्न त्यातच लिवलेलं!"

"सुटल्या व्हय गं?"

"न्हाय. ह्ये बघा."

शेवटच्या पानावर काळाकुट्ट फोटू. दोन पुरवण्या एकीत एक घातलेल्या, उभा-आडवा दोरा फिरवलेला, हुबेहूब माझा डबा! पोरीनं सुपरवायझर मॅडमकडनं हातभर दोरा मागून घेतलता. आणि मधोमध माझी गाठ. ज्येनं फोटू काढलं त्येला ती सुटली न्हाय, त्येनं वरनंच फोटू काढला आणि फुडं गेला!

आयुष्यभर मी लोकांच्या चेष्टा केल्या. माझ्याच चेष्टेचं हसू आलं न्हाय ते त्याच दिवशी.

"प्रज्ञा, ही माझी चूक हाय."

"आक्का, तुमची गाठ सुटली न्हाय, ह्यात तुमची काय चूक? त्येंनी सोडायला पायजे हुती की!"

बघा. एकतीस मार्काची पोरगी म्हणत्यात हिला!

*

दोघी गेलो विद्यापीठात. कुठल्या, ते इचारू नका, मला अजून तिथं डबे द्यायचं हायत. परीक्षेच्या हापिसात खिडकी नंबर चार. आत चष्म्याचं साहेब.

प्रज्ञानं सगळं नीट सांगितलं. साहेब म्हणाला, "फेरतपासणी स्कॅन केलेल्या पानांचीच होते. बांधलेलं सोडायचं आमच्या नियमात बसत नाही."

"सायेब, तुमी सोडू नका," मी म्हटलं. "पेपर हिकडं द्या, मी सोडते. एक मिनिट बी लागायचं न्हाय."

त्येनं चष्म्यावरनं माझ्याकडं बघितलं. "मावशी, तुम्ही तर अजिबातच नियमात बसत नाही!"

आणि घड्याळ बघून खिडकी लावली. आतनं डबा उघडल्याचा आवाज. भेंडीचा वास आला. बाहीर माझी पोरगी डोळं पुसतीया आणि आत ह्यो भेंडी खातोय!

बरं म्हटलं. ध्यानात ठिवलं.

*

प्रज्ञाचा बा आला. जीप दारात लावली, माझ्या वट्यावर बसला, पाण्याचा तांब्या रिकामा केला आणि म्हणाला, "आक्का, हिला समजवा. लेक काळा कोट घालून कोर्टात जाईल म्हणून शिकवतोय. अर्जदार म्हणून न्हवं. एक साल गेलं तर गेलं. विद्यापीठाशी कोण भांडणार?"

प्रज्ञा आतनं आली. "पप्पा, रस्त्यात पोलीस उगंच जीप थांबवतोय, तवा तुमी भांडता का?"

"न्हाय. कागद दावतो."

"मग मीबी कागदच दावाय चाललेय."

बा जेवला, ताट उचलून ठिवलं, गेला. कोर्टाच्या तारखेला सकाळी आठाला दारात हॉर्न. जीप धुतलेली, फुडं हार घातलेला.

"बसा. आज शिटा भरायच्या न्हाईत!"

*

केस घेतली विलासनं. आता टक्कल पडलंय, पर माझ्या खानावळीत आला की अजून कट्ट्याकडं नजर जाती! झेरॉक्सवरचा फोटू बघितला आणि गाठीवर बोट ठेवून माझ्याकडं बघत बसला.

"आक्का, हे तुमचं काम हाय न्हवं?"

"व्हय."

"केस लढतो. पर एक अट. कोर्टात तुमी तोंड उघडायचं न्हाय!"

मोठं कोर्ट आता हितंच कोल्हापुरात बसतंय म्हणून बरं, न्हाय तर आमी कुठं मुंबई गाठणार? फुडं दोन जज. एक साहेब, एक मॅडम. मी शेवटच्या बाकड्यावर, मांडीवर सगळ्यांचा डबा.

विद्यापीठाचं वकील म्हणालं, "लिहिलेल्या पुरवण्या अशा कुणी बांधत नाही. त्या कोऱ्याच असणार."

जजमॅडम म्हणाल्या, "मूळ पेपर आणा. बघूया."

*

फुडल्या तारखेला पेपर आला. जजसाहेबांनी शिपायाला सांगितलं, सोड. त्येच्याच्यानं हुईना. फुडं बसलेल्या क्लार्कबाईनं केसातली पिन काढली. पिन वाकडी झाली! विद्यापीठाचं वकील म्हणालं, "कात्री मागवावी."

विलास ताडकन उठला. "पुराव्याला कात्री लावता येणार नाही!"

"मग तुम्ही सोडा," मॅडम म्हणाल्या.

विलासनं पेपर घेतला. बोटं लावली, नखं लावली. हळूहळू पेपर तोंडाकडं न्ह्यायला लागला... आणि थांबला. मागं वळून माझ्याकडं बघितलं. तेच त्वांड वो! जिन्याखालचं!

मॅडमनी प्रज्ञाला इचारलं, "बांधली कुणी?"

"मी बांधली, मॅडम."

"मग सोडा."

"मला बांधायचंच येतं. सोडायचं आक्कांनी शिकवलं नाही."

"कोण आक्का?"

शाळेत कवा वर केला न्हवता तो हात मी त्या दिवशी वर केला.

फुडं गेले. गाठ हातात घेतली. आत कोरं निघालं तर पोरीचं साल गेलं, आणि ते माझ्या गाठीनं गेलं. टोक धरलं, वढलं. सुट!

जजसाहेबांनी पान उलटलं. भरलेलं. दुसरं उलटलं. भरलेलं. दोन्ही पुरवण्या कडंपतुर भरलेल्या, समासातबी लिवलेलं! मागं प्रज्ञाच्या बाचा नाक वढल्याचा आवाज आला.

मॅडम म्हणाल्या, "हे तपासायला पाठवावं लागेल. आजी, पानं हरवू नयेत, परत बांधून द्या बघू."

दिली की बांधून. हाताची सवय, माझं लक्ष कुठं हुतं? बांधून झाल्यावर बघते तर...

विलासनं कपाळाला हात लावला!

ऑर्डरीत तीन गोष्टी लिवल्या. एक, पोरीला उद्यापास्नं तिसऱ्या वर्षाला बसू द्या, पर नापास निघाली तर उठायचं. दोन, पुरवण्या आठ दिवसात तपासा. तीन, गाठ सोडण्यासाठी विद्यापीठानं श्रीमती हौसाबाई यांना, म्हंजी मला, सन्मानानं घेऊन जावं!

*

तर गेल्या सोमवारी बोळाच्या तोंडाला विद्यापीठाची पांढरी गाडी. सन्मानानं न्ह्यायला कोण आलंय म्हणता? खिडकी नंबर चार!

"या मावशी, बसा."

बसले. मधल्या सीटावर त्येच्या डब्याची पिशवी, तिचं दोन बंद लोंबत हुतं. साहेब सगळी वाट फोनवर बोलत खिडकीबाहीर बघत हुता. मला रिकामं बसवत न्हाय. हाताला कायतरी चाळा लागतोय.

हापिसात सगळ्यांफुडं गाठ सोडली. तपासायच्या मॅडम पानं घिऊन आत गेल्या. बाहीर बाकड्यावर प्रज्ञा, तिचा बा आणि मी. पोरगी माझा हात धरून बसलेली, बोटं दुखाय लागली माझी. लई येळानं मॅडम बाहीर आल्या आणि म्हणाल्या, "सतरा."

प्रज्ञाला बेरीज सुचंना. मी बोटावर मोजायला लागले. बा जाग्यावरनं उठला. "एकतीस आणि सतरा, अठ्ठेचाळीस! पास!" आयुष्यभर शिटा मोजलेला माणूस त्यो, चुकतोय व्हय? आणि मग त्योच लहान पोरागत रडाय लागला.

पोरीनं मला मिठी मारली. "आक्का, आता तरी सोडायला शिकवा."

मी तोंड उघडणार, तवर मागनं साहेब आला. घाम फुटलेला, चष्मा नाकावर घसरलेला. छातीशी डब्याची पिशवी.

"मावशी, जेवायची सुट्टी संपत आली हो. एवढं जरा सोडून देता का?"

मी पिशवीकडं बघितलं. साहेबाकडं बघितलं.

"नियमात बसत न्हाय, सायेब. कोर्टातनं ऑर्डर आणा!"