काढता न येणारं सिम

आज गावी जायची बॅग भरताना खिडकीत पडलेला बटणांचा जुना मोबाइल हाताला लागला आणि सौदीतल्या यान्बूच्या याच कॅम्पातली एक दुपार आठवली. तेव्हा आमच्या खोलीची रीत होती, सुट्टीवर गावी जाणाऱ्यानं आपलं इथलं सिम या मोबाइलमध्ये घालून जायचं. बँकेचा कोड आला की मागे राहिलेला कोणीतरी त्याला वाचून सांगायचा. शिवाय सिम खोलीत आहे म्हणजे माणूस परत येणार, अशी सगळ्यांना खात्री असायची. त्या दुपारी बाहेरून रिफायनरीचा उग्र वास येत होता, आत सुकट भाजली होती आणि दापोलीकडचा आमचा फिटर सुट्टीवर निघाला होता. खोलीतले सगळ्यात वडील चाचा म्हणाले, "सिम ठेवून जा रे." तो हसला, "चाचा, माझं ई-सिम आहे. फोनच्या आतच असतं, काढता येत नाही." चाचांनी फोन उलटापालटा केला, कडेच्या फटीत नख घालून पाहिलं. "काढता येत नाही असं कुठं सिम असतं होय?" गाडी गेल्यावर लक्षात आलं, गड्यानं गादीवरची चादरसुद्धा नेली होती. "परत येणारा चादर नेतो काय? खलास, गेला हा," मी म्हणालो आणि त्याची खालची खाट बळकावली. सुट्टी संपली तसा तो आला, आईनं धुतलेली तीच चादर घेऊन, आणि वरच्या खाटेवर चढला. आता सगळ्यांचंच ई-सिम. कोणी कोणाकडे काही मागत नाही. मघाशी चाचांनी नुसतं विचारलं, "येशील ना परत?" "येणार तर," मी म्हणालो. माझी चादर बॅगेत सगळ्यात खाली आहे.