आधी चोच पाह्य

वानखेडेभाऊ पाण्याकडे बघत असले की त्यांच्याशी बोलायचं नाही, हे मला पहिल्याच रविवारी कळलं. अमेरिकेतल्या आमच्या डब्लिनजवळच्या तलावावर नोव्हेंबरात उत्तरेकडून लून उतरतात, बुडी मारून मासे पकडणारे. मी दुर्बिणीत एक करडा पक्षी धरला आणि तो कधी बुडी मारतो याची वाट बघत गारठत उभा राहिलो. भाऊंनी मला भरपूर गारठू दिलं. मग शांतपणे म्हणाले, "पुणेकर, ते प्लॅस्टिकचं बदक आहे बे. खऱ्या बदकांना फसवायले शिकाऱ्यांनी सोडलेलं. बुडलं तर मलेही सांग."

ऑफिसात ते माझ्या शेजारच्या क्युबिकलमध्ये बसत. नागपूरचे, माझ्याहून बरेच मोठे, ग्रीन कार्डच्या रांगेत केस पिकलेले. "रंगावर जाऊ नको," ते सांगत, "हिवाळ्यात सारेच करडे. आधी चोच पाह्य. वर उचललेली अन् टोकाला वाकडी, तर पाणकावळा. सुरीसारखी सरळ, आडवी, तर लून." मी दर वेळी पाणकावळ्यालाच लून म्हणायचो. "तुले दुर्बीण नाही, चष्मा पाहिजे."

मग मॅनेजरनं त्यांना मला केटी द्यायला सांगितलं. केटी म्हणजे आपलं काम दुसऱ्याच्या डोक्यात ओतणं. मला वाटलं, आपलं प्रमोशन आलं. मी मिल्क पावडरचे पेढे मायक्रोवेव्हमध्ये केले आणि पहिला भाऊंनाच दिला. त्यांनी तो सावकाश खाल्ला. "वेलची जास्त झाली," म्हणाले, आणि पुढचं मॉड्यूल समजावू लागले. त्यांची नोकरी चालली होती, तिच्याबरोबर व्हिसाही, आणि लेकीचं हायस्कूलचं शेवटचं वर्ष अर्ध्यात तुटणार होतं, हे मला सोडून सगळ्या मजल्याला माहीत होतं.

जायच्या आधीच्या रविवारी भाऊ घरातली खोकी तशीच टाकून तलावावर आले. दूरवर एक करडा ठिपका बुडाला. बराच वेळ पाणी कोरं राहिलं. मग तो भलतीकडेच वर आला. मी रंगाकडे बघितलंच नाही. चोच जाड, सरळ, आडवी.

"भाऊ, लून."

ते पाठमोरे, ट्रायपॉडची घडी करत होते. "हो. लूनच."

"तुम्ही पाहिलं कुठे?"

"मी कायले पाहू आता?" ते म्हणाले. "केटी कम्प्लीट. परवाच सही करून दिली ना मी."