नकाराचा डबा

श्री. प्रभाकर रामटेके सरांशी माझी ओळख झाली ती त्यांच्या नकारामुळे. इथल्या आंग मो किओ भागातल्या आमच्या इलेक्ट्रॉनिक्स कंपनीत मी नवीन होते आणि नव्या माणसाच्या गळ्यात जी कामं मारतात, त्यातलं एक माझ्या गळ्यात पडलं होतं. कंपनीच्या सहलीत लेझर बंदुकांचा खेळ होता, त्यासाठी दोन संघ जमवायचे होते. टेस्टिंग विभागाचे प्रमुख मराठी आहेत असं कळल्यावर मी मोठ्या उत्साहाने त्यांच्याकडे गेले.

"मी माणसावर नेम धरत नाही," सर म्हणाले, "नुसता लाल दिवा असला तरी." आणि पुन्हा मीटरकडे वळले. माणूस तिरसट दिसतोय, असं मनात म्हणत मी परत आले. दुसऱ्या दिवशी सकाळी माझ्या टेबलावर स्टीलचा डबा, आत खुसखुशीत करंज्या. "काल तुम्हाला नाही म्हटलं ना," सर म्हणाले, "म्हणून."

पुढे समजलं की ही त्यांची रीतच आहे. नकार द्यायचा तर रिकाम्या हाताने द्यायचा नाही. त्यामुळे रामटेके सर डबा घेऊन लिफ्टमधून बाहेर पडले की आमच्या ऑफिसात सगळे माना खाली घालून कामाला लागत. आज कोणाची पाळी, एवढाच प्रश्न असे. आमचे मॅनेजर मिस्टर लिम ह्यांना तर भाजलेल्या बेसनाच्या वासानेच घाम फुटायचा.

ह्या नकारांचा कारखाना म्हणजे हौगांगच्या फ्लॅटमधलं सुनंदावहिनींचं स्वयंपाकघर. वहिनी नागपूरच्या, बोलायला मोकळ्या. "तत्त्व ह्यांचं अन् तूप माझं," त्या एकदा कढई ढवळताना मला म्हणाल्या. "हे तिकडे नाही म्हणून मोकळे होतात, इकडे बेसन मला भाजावं लागते." सरांनी शेजारी उभं राहून अत्यंत गंभीरपणे मान डोलावली. त्यांच्या घरी धम्माचे संस्कार लहानपणापासूनचे, रविवारची वंदना कधी चुकत नाही. पण सर उपदेश करत नाहीत. 'मी करणार नाही' इथे त्यांचं वाक्य संपतं. 'तुम्हीही करू नका' असं मी त्यांच्या तोंडून कधी ऐकलेलं नाही, आणि मला त्यांच्याविषयी सर्वांत जास्त आदर वाटतो तो ह्याचसाठी.

आमची कंपनी उष्णता ओळखणाऱ्या कॅमेऱ्यांचे सर्किट बोर्ड बनवायची. अग्निशमन दलं, जहाज कंपन्या अशी आमची गिऱ्हाइकं. मग दूर कुठेतरी युद्ध पेटलं आणि आमच्याकडे ऑर्डरींची रांग लागली. आम्ही खुशीत होतो, बोनसच्या गप्पा मारत होतो. सर मात्र एका नव्या ऑर्डरचे तपासणीचे निकष पुन्हा पुन्हा वाचत बसले होते.

"स्वाती, हे बघ," त्यांनी मला बोलावलं. "आग विझवणारे विचारतात, बोर्ड दहा वर्षं टिकेल का. ह्यांना अर्धा तास चाललं तरी पुरे. अन् धक्का एकदाच सोसायचा. जी वस्तू परत येणार नाही, तिच्यासाठीच असं मागतात."

मिस्टर लिमनी वर चौकशी केली, तर सरांचा तर्क बरोबर निघाला. उडत जाऊन फुटणाऱ्या यंत्रांसाठीच ते बोर्ड हवे होते.

सरांच्या सहीशिवाय माल कंपनीबाहेर पडत नसे. दुसऱ्या दिवशी ते डबा घेऊन मिस्टर लिमच्या केबिनकडे निघाले. लिमनी काचेतून त्यांना पाहिलं आणि उठून आतून कडी लावली. सर बाहेर शांतपणे उभे राहिले. जेवणाच्या सुट्टीत भुकेपुढे मॅनेजरचं काही चालेना, दार उघडलं.

"रामटेके, प्लीज लाह. एनीथिंग ऑल्सो कॅन, बट नो डबा."

"मी सही करणार नाही," सर म्हणाले.

"यू डोन्ट साइन, समबडी एल्स साइन. सेम थिंग, व्हॉट."

"असेल. पण ती माझी सही नसेल," सर म्हणाले आणि डबा उघडला. लिमनी साखरेचं पथ्य असूनही लाडू घेतला. पुढच्या आठवड्यात पुन्हा विचारणा झाली, तेव्हाच्या नकारासोबत बिनसाखरेचा चिवडा आला.

एच.आर.ची अडचण निराळीच होती. असली हरकत नोंदवायला त्यांच्या सिस्टिममध्ये जागाच नव्हती. 'धर्मामुळे काय चालत नाही' हे विचारणारा एकच रकाना होता, तो खाण्यापिण्याचा. त्यांनी तिथे नोंद केली. परिणामी वार्षिक डिनरला सरांच्या ताटापुढे कार्ड होतं : शाकाहारी, शस्त्र नको. वेटरने ते वाचलं, अदबीने वाकला आणि सरांची सुरी उचलून घेऊन गेला. मग परत येऊन त्याने माझीही सुरी जरा पलीकडे सरकवली. सर मासे आवडीने खातात. शेजारच्या टेबलाकडे निघालेल्या फिश हेड करीकडे बघत ते म्हणाले, "नोकरीचं जे होईल ते होवो, पण ही करी माझी होती."

आम्ही हसलो खरे, पण नोकरीचं प्रकरण हसण्यावारी नेण्यासारखं नव्हतं. सरांच्या पासची, म्हणजे परदेशी माणसाला इथे राहून नोकरी करायला लागणाऱ्या परवान्याची, मुदत संपत आली होती आणि तो रिन्यू करायचा की नाही हे कंपनीच्या हातात होतं. मुलगी मैत्रेयी ओ लेव्हलच्या, म्हणजे इथल्या दहावीच्या, वर्षात. पास गेला तर परीक्षेच्या तोंडावर घर गुंडाळून निघावं लागणार. वहिनींनी गॅलरीतली कढीपत्त्याची कुंडी माझ्याकडे आणून दिली. "सांभाळ. राहिलो तर परत नेईन," म्हणाल्या, आणि बसल्याही नाहीत.

"पपा, वन साइन ओन्ली, कॅनॉट मेह?" मैत्रेयीने एकदा विचारलंच. हे मला तिनेच सांगितलं. सरांनी तिलाही नाही म्हटलं. सकाळी तिच्या अभ्यासाच्या टेबलावर डबा होता. त्या दिवशी वहिनींनी कढई चढवायला साफ नकार दिला होता, म्हणून लाडू सरांनी स्वतः वळले होते. ते चमच्याने खावे लागले. मैत्रेयीने ते संपवले आणि पुन्हा तो विषय काढला नाही.

कढीपत्त्याची पानं पिवळी पडायला लागली म्हणून विचारायला मी एका शनिवारी संध्याकाळी हौगांगला गेले होते. बेल वाजली. दारात मिस्टर लिम, आणि त्यांच्या हातात सरांचाच स्टीलचा डबा. वहिनी मटकन सोफ्यावर बसल्या. "झालं," त्या म्हणाल्या, "नाही सांगायला आले."

लिम गोंधळले. "व्हाय लाइक दॅट? स्वाती टेल मी, डबा कॅनॉट रिटर्न एम्प्टी."

हे मी त्यांना खरंच कधीतरी सांगितलं होतं. डब्यात पाइनॅपल टार्ट्स होते. कोणी हात लावेना. "पास?" सरांनी विचारलं.

"सबमिट ऑलरेडी." लिमनी बूट काढता काढता खाली बघत पुढे सांगितलं, "हेड ऑफिस से, लेट हिम गो. आय से नो. बट हेड ऑफिस सो फार, हाऊ टू गिव्ह टार्ट? सो आय ब्रिंग हिअर."

वहिनी डोळ्यांना पदर लावून चहा टाकायला आत गेल्या. सरांनी एक टार्ट खाल्ला आणि साखर जास्त आहे असं सांगितलं. मग दुसरा उचलला.

माल काही थांबला नाही. तो दुसऱ्या देशातल्या कारखान्यातून गेला. सरांचं प्रमुखपद गेलं आणि ते श्रवणयंत्रांच्या बोर्डांवर आले. आता प्रत्येक बोर्ड किती वर्षं टिकेल ह्याची चिकित्सा करून ते त्या विभागाचा जीव खातात. मैत्रेयीची परीक्षा इथेच झाली. कढीपत्ता वहिनींनी परत नेला, आणि मी त्याची काय दशा केली होती हे अजून सगळ्यांना सांगतात.

आपल्या मराठी मंडळाने सरांच्या साठीनिमित्त गौरवग्रंथ काढायचं ठरवलं आणि त्यातला सरांवरचा लेख माझ्याकडे आला. गेल्या रविवारी मी दार उघडलं तर समोर सर, हातात डबा. त्यांनी काही बोलायच्या आत मला सगळं कळलं.

सर, करंज्या पोचल्या, संपल्याही. पण तुमचा हा एक नकार मला मान्य नाही, म्हणून हा लेख छापायला दिला आहे. तुमच्याच रीतीप्रमाणे तुमचा डबा सोबत परत पाठवते आहे. आत शिरा आहे, मीच केलेला, तेव्हा थोडा सांभाळून घ्या. तुम्हाला आणि वहिनींना भरपूर आयुष्य आणि ठणठणीत प्रकृती लाभो. नाही म्हणायची ताकद तुमच्यात आणि तूप वहिनींच्या बरणीत कायम असो. आणि डबा रिकामा परत करू नका.